हजेरी पुढच्या मंगळवारची

हाउन्सलो,
११ जानेवारी १९८९

ती. यादवकाकांना,
सविनय जय भीम.

पाकिटामागचं नाव वाचून तुम्ही हे पत्र न उघडता टीव्हीवर ठेवून द्याल, याची मला कल्पना आहे. मोहन फोनवर म्हणाला, "ताई, तुझं नाव काढलं की बाबा पेपर तोंडासमोर धरतात. पान उलटत नाहीत, नुसता धरतात." नऊ महिने धरलात, आता खाली ठेवा. माझं काम आहे.

माझ्या शिल्पाला शाळेतून काढली ती हौस म्हणून नाही. ती सात वर्षांची असताना वर्गात बोलायची बंद झाली. आधी सगळे म्हणाले, लाजते. मग म्हणाले, इंग्लिश येत नाही. पोर इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेली, तिला इंग्लिश येत नाही! दीड वर्ष त्या इमारतीत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मुलं कानाशी येऊन ओरडायची, दचकून तरी बोलते का बघायला. बाईंनी उपाय काढला तो असा की तिला लहान मुलांच्या टेबलावर बसवून रंग भरायला दिले. शेवटी घरीही ती जेवताना नुसती मान हलवायला लागली, तेव्हा मी नाव काढलं. इथल्या कायद्यात लिहिलंय की मुलाला शिकवायचं ते शाळेत पाठवून 'ऑर अदरवाईज'. त्या दोन शब्दांवर आमचं घर उभं आहे.

गेल्या जूनमध्ये कौन्सिलच्या शिक्षण खात्यातून मिसेस ऑल्डरिज आल्या. चहा घेतला नाही. वर्षभर बघू, म्हणाल्या. आता त्यांचं पत्र आलंय: मे महिन्यात पुन्हा भेट, त्याआधी वर्षभराच्या नोंदी आणि लेखी रिपोर्ट. समाधान झालं नाही तर ऑर्डर निघणार आणि सप्टेंबरात शिल्पा परत त्याच शाळेत, त्याच टेबलावर. तुमचा जावई श्रीनिवास विमानतळावरच्या कार्गोतून कामावरून आला की ते पत्र वाचतो, घडी घालतो, परत जागेवर ठेवतो. एवढीच त्याची मदत.

मी सकाळी घरी शिल्पाची बाई, आणि तीन ते नऊ विमानात जाणारे जेवणाचे ट्रे भरणारी. नोंदी आहेत, पण त्या गॅसच्या बिलांच्या पाठीवर आणि एका बिस्किटाच्या डब्यात. तुम्ही एकतीस वर्षं शाळा चालवलीत आणि एकाही इन्स्पेक्टरने लाल शेरा मारला नाही, हे तुम्हीच आम्हाला दर दिवाळीला ऐकवलंय. कसं करायचं ते सांगा. रागावून सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
उल्का

•

कार्डिफ,
१९ जानेवारी १९८९

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र टीव्हीवर ठेवले नव्हते. फ्रिजवर ठेवले होते. चौथ्या दिवशी उघडले.

माझे आजोबा शाळेच्या ओट्याखाली उन्हात बसून धुळीत अक्षरे गिरवत. वडील आत गेले, पण दाराशी, चपलांजवळ. मी त्याच वस्तीतल्या शाळेचा हेडमास्तर झालो, तेव्हा पहिल्या दिवशी खुर्ची पुसून घेतली आणि तासभर उभाच राहिलो. आत शिरायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या. तू एका दुपारी पोरीचा हात धरून बाहेर आलीस आणि वर मला विचारतेस, काका, रजिस्टर कसे आखायचे?

माझे म्हणणे संपले. आता रजिस्टर.

तपासणीला येणारा माणूस मूल बघत नाही, कागद बघतो, हे आधी डोक्यात घे. कागद भरलेला असेल तर तो खुर्चीत मागे रेलतो, मोकळा दिसला तर पुढे वाकतो. आपण त्याला पुढे वाकू द्यायचे नाही. हजेरीपट पाहिजे. वेळापत्रक पाहिजे, तासवार. टाचणवही पाहिजे, म्हणजे कोणत्या दिवशी काय शिकवायचे याचे टिपण. दर महिन्याची चाचणी आणि गुण. गुण चढते असावेत, पण एकदम चढू नयेत. फेब्रुवारीत थोडे उतरलेले चांगले दिसतात.

तुझा तो डबा पोस्टाने इकडे पाठव. मोहन लॅबमध्ये, सूनबाई सीमा हॉस्पिटलात, दोघेही सातला बाहेर पडतात. लायब्ररीत मला शुक्रवारचा पेपर सोमवारी मिळतो. तेव्हा माझ्या वेळेची काळजी तू करू नको.

तुझा,
यादवकाका

•

हाउन्सलो,
२० फेब्रुवारी १९८९

ती. काकांना,
सविनय जय भीम.

डबा पाठवलाय. पोस्टातल्या बाईने हलवून विचारलं, "एनिथिंग व्हॅल्युएबल?" मी म्हटलं, एक मुलगी. तिने 'पेपर्स' असं लिहिलं.

आतलं कसं वाचायचं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी रद्दी पाठवली. आमच्या मागच्या अंगणावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं. शिल्पा कोपऱ्यात बादली उलटी घालून बसते आणि प्रत्येकाची वेळ, शेपटीवरचं चित्र, जमलं तर नंबर लिहिते. त्यातून तिला चोवीस तासांचं घड्याळ आलं. मग प्रश्न, सिंगापूरचं विमान तिथून कधी निघालं असेल? त्यातून अॅटलास निघाला. मग उशीर किती, सरासरी किती. हे मी शिकवलं नाही. मी फक्त पेन्सिली तासून दिल्या. शेवटी तिने बस कंपनीला पत्र लिहिलं की तुमच्यापेक्षा विमानं वेळेवर येतात. त्यांचं उत्तरही आलं, डब्यात आहे, हरवू नका. तिला जपून ठेवायचंय.

हे झाले चांगले दिवस. बाकीचेही आहेत. ज्या चिठ्ठीवर नुसती तारीख आणि रेघ आहे, त्या दिवशी ती टेबलाखाली बसली आणि बाहेर आली नाही. नोव्हेंबरात अशा चिठ्ठ्या जास्त. आम्ही रस्त्यात तिच्या जुन्या वर्गातल्या मुलीला भेटलो होतो. ती मुलगी काही बोलली नाही, नुसती हसली. दोन आठवडे गेले त्यात.

काका, खरं सांगू? शिल्पाची सुमन होईल, याची मला भीती वाटते. माझी सख्खी बहीण तुमच्याच शाळेत, तुमच्याच वर्गात चौथीपर्यंत बसली, आणि आज तिला सही करता येत नाही. माझं पत्र गेलं की पोराकडून वाचून घेते. लहानपणी मी तिला मठ्ठ म्हणायचे. आता शिल्पा टेबलाखाली गेली की तो शब्द माझ्या घशाशी येतो आणि मी किचनमध्ये जाऊन नळ सोडते.

परवा शिल्पाने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "मम, तो बाई परत कधी येणार?" मी म्हटलं, मे महिन्यात. "मला बोलायला लागणार?" मी म्हटलं, नाही. खरं तर मला माहीत नाही.

तुमची,
उल्का

•

कार्डिफ,
१७ एप्रिल १९८९

चि. उल्कास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

सोबत पार्सल आहे. सहा वह्या, मजकूर इंग्रजीत, ब्राउन पेपरची कव्हरे, पाठीवर लेबले. निळी शाई रोजच्या नोंदीस, काळी मासिक गोषवाऱ्यास. सीमा म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन महिन्यांत एकदाही गुडघ्याची तक्रार केली नाही." मला आठवणही नव्हती.

तुझ्या चिठ्ठ्यांत माल उत्तम आहे, मांडणी शून्य. विमानांचे प्रकरण मी 'भूगोल व गणित: सहसंबंध' या शीर्षकाखाली घेतले. बादलीचा उल्लेख गाळला. बस कंपनीचे पत्र 'व्यावहारिक पत्रलेखन' यात. रेघांच्या चिठ्ठ्या मी योग्य प्रकारे सामावून घेतल्या आहेत. तोंडी परीक्षेचे गुण सप्टेंबरात अडतीस, मार्चअखेर सत्तर, फेब्रुवारीत किंचित घसरण.

वह्या फार वाचत बसू नको, गोंधळशील. जिथे पेन्सिलीची फुली आहे तिथे सही कर आणि फुली खोडून टाक. त्या बाईंसमोर वह्या टेबलावर डावीकडून उजवीकडे मांड. हजेरीपट सर्वात वर. चहा विचारू नको, आणून ठेव.

सुमनबद्दल लिहिलेस ते वाचले. तो विषय इथे नको.

शिल्पास आशीर्वाद. तिचे अक्षर बरे आहे. इंग्रजी एस उलटा काढते, तेवढे बघ.

तुझा,
यादवकाका

•

हाउन्सलो,
१८ मे १९८९

ती. काकांना,
जय भीम.

मंगळवारी, सोळा तारखेला, मिसेस ऑल्डरिज येऊन गेल्या. वह्या डावीकडून उजवीकडे मांडल्या. चहा आणून ठेवला, प्यायल्या. शिल्पा जिन्यात चौथ्या पायरीवर बसली होती, कठड्यातून बघत.

हजेरीपट बघून बाई खरोखर खुर्चीत मागे रेलल्या. तुमचं अक्षर आहेच तसं. म्हणाल्या, "गुडनेस, मिसेस साळवे, माझ्या ऑफिसात असं रजिस्टर नाही." मी मान खाली घालून सुखावले. काका, वर्षभरात मला कोणी शाबासकी दिली नव्हती. वह्या मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे न वाचता सह्या करून टाकल्या होत्या. शिफ्टवरून आल्यावर एका बैठकीत छत्तीस सह्या, आणि बरं वाटत होतं की कोणीतरी सगळं नीट केलंय.

मग बाई पुढे वाकल्या.

"पुढच्या मंगळवारी शिल्पा हजर आहे," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "ती रोज असते."

"नाही, म्हणजे, तशी इथे नोंद आहे. तेवीस मे, प्रेझेंट. आज सोळा आहे." त्यांनी पान उलटलं. "एकोणतीसला बँक हॉलिडे आहे, त्या दिवशीही प्रेझेंट. एकवीस जुलैपर्यंत रोज." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लंडनमध्ये मला राग झेलता येतो. ते वेगळं होतं. "येत्या जूनच्या तोंडी परीक्षेत तिला चौऱ्याहत्तर मार्क पडलेत. तोंडी म्हणजे काय विचारलंत?"

मी काय सांगणार? हा हजेरीपट कार्डिफमध्ये राहणाऱ्या माझ्या काकांनी भरला, त्यांनी शिल्पाला तीन वर्षांत पाहिलेलं नाही, आणि आमच्याकडे तपासणीच्या दिवशी रिकामा रकाना राहू नये म्हणून वर्षअखेरपर्यंत सगळं आधीच भरून ठेवायची पद्धत आहे? मी म्हटलं, "माझी चूक झाली." त्या म्हणाल्या, "कुठली?"

मग त्यांनी जिन्याकडे बघून विचारलं, "शिल्पा, ही वही तू पाहिलीस का?" शिल्पा वर निघून गेली. दार लागल्याचा आवाज आला. ती पुन्हा जेवताना मान हलवायला लागलीये.

बाईंनी एक जूनची तारीख दिली. तोपर्यंत त्यांना 'जे खरोखर घडलं ते' हवंय. नाहीतर कागद वर जाणार आणि ऑर्डर निघणार. वह्या त्या घेऊन गेल्या.

काका, मी फार दमले आहे, म्हणून एकच विचारते. रेघांच्या चिठ्ठ्या तुम्ही सामावून घेतल्या असं लिहिलंत. मी मोजल्या होत्या. एक्काहत्तर दिवस होते ते. हजेरीपटात एकही नाही. ते दिवस कुठे गेले?

उल्का

•

कार्डिफ,
२४ मे १९८९

चि. उल्कास,

तुझे पत्र मिळाले. दोन मसुदे फाडले. हा तिसरा. सीमा विचारते, एवढे काय लिहिता? सांगितले नाही.

ते दिवस मी हजर म्हणून मांडले. विचार करून नाही. रकाना मोकळा दिसला की माझा हात आपोआप 'ह' लिहितो, तुझ्या वह्यांत इंग्रजी 'पी'. एकतीस वर्षांची सवय आहे. वर्गाची हजेरी कमी पडली की वरून पत्र यायचे, वर्ग बंद करा, पोरे दुसऱ्या शाळेत पाठवा. दुसरी शाळा नाल्यापलीकडे होती आणि तिथे आपल्या पोरांना कसे बसवत ते मला माहीत होते. म्हणून कोणी गैरहजर राहिलेच नाही. वीटभट्टीवर गेलेली पोरे हजर, गावाला गेलेली हजर. मी वर्ग वाचवत होतो. अजूनही मला वाटते की वाचवला.

सुमनही हजर होती.

चौथीला माझ्याकडे वर्ग होता, पण वाचनाचा तास दुसऱ्या गुरुजींचा. ते तिला उभे करून तिच्या अडखळण्याची नक्कल करत आणि वर्ग हसे. मी व्हरांड्यातून ऐकले आहे. ते गुरुजी मला ज्येष्ठ, त्यांना डावलून हेडमास्तरकी मला मिळाली होती, त्यांना बोलायची माझी छाती झाली नाही. दिवाळीनंतर सुमन दप्तर घेऊन घरून निघायची आणि पंपाच्या खोलीमागे घंटा होईपर्यंत बसायची. मला तिसऱ्या आठवड्यात दिसली. तिने मला पाहिले, मी तिला पाहिले. मी वर्गात गेलो आणि हजेरी घेतली.

तपासणी जवळ आली होती. हेडमास्तरची पुतणी गैरहजर कशी दाखवू? पुढे एका दिवसाचे दोन झाले आणि नंतर तर खरे लिहायची सोयच उरली नाही. पहिला खोटा 'ह' खोडला तर पुढचे सगळे खोडावे लागतात. ते वर्ष तिचे दोनशे बारापैकी दोनशे बारा दिवस भरले. मी तिला पासही केले. पाचवीत तिला वाचता येईना, तेव्हा माझा दादा, तुमचा बाप, म्हणाला, पोरीचे डोके चालत नाही, आणि शाळा सोडवली. मी तिथे बसलो होतो. मीही मान हलवली.

एक दिवस जरी गैरहजर मांडली असती तरी दादा विचारायला आला असता.

मी तुझ्या पोरीचे तेच केले. हेतू चांगला होता, हे लिहिणार होतो. मसुद्यात दोनदा लिहिले होते. इथे लिहीत नाही.

चिठ्ठ्यांचा डबा काल रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. एकही चिठ्ठी टाकलेली नाही. तारखेप्रमाणे लावल्या आहेत, बाकी हात लावलेला नाही.

यादवराव रणपिसे

•

हाउन्सलो,
९ जून १९८९

ती. काकांना,
जय भीम.

डबा वेळेत पोचला.

तुमचं पत्र मी कॅन्टीनमध्ये, ट्रेच्या दोन गाड्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत वाचलं. माझ्याबरोबर ट्रे भरणारी मधुमती शेजारी होती, तिने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही. तिला सुमन कशी समजावू? रागवायचं होतं, पण दुसरी गाडी आली. घरी येईपर्यंत रागाला लागतो तेवढा जोर उरला नव्हता. आणि तुम्हाला एकट्याला किती रागवू? तिला मठ्ठ म्हणणारी तर मीच. रात्री एकाच खोलीत झोपायचो आम्ही, आणि ती दिवसभर कुठे असते हे मला वर्षभरात कळलं नाही.

रिपोर्ट मी लिहिला. अकरा पानं, माझं अक्षर, माझं इंग्लिश. एकशे नव्वद दिवसांपैकी एक्काहत्तर दिवसांपुढे लिहिलं, 'नथिंग'. श्रीनिवास म्हणाला, "अगं, निदान 'विश्रांती' तरी लिही." मी नाही म्हटलं. मग त्याने एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ते कौन्सिलचं पत्र सोडून दुसरं काहीतरी वाचायला घेतलं: माझी पानं. सहा ठिकाणी स्पेलिंग सुधारून दिलं.

एक तारखेला बाई आल्या. चिठ्ठ्यांचा डबा आणि अकरा पानं एवढंच टेबलावर होतं. पाऊण तास वाचत बसल्या. मागे रेलल्या नाहीत.

"चार नोव्हेंबर," त्या म्हणाल्या. "नथिंग. पूर्ण दिवस?"

"पूर्ण दिवस. ती टेबलाखाली होती."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"आधी टेबलावर वही ठेवली. मग ओरडले. मग मीही खाली जाऊन बसले. दोनला उठले, मला कामावर जायचं होतं."

त्यांनी लिहून घेतलं. "हे रिपोर्टमध्ये का नाही?"

"हे शिक्षणात बसेल असं वाटलं नाही."

शिल्पा तोपर्यंत खालच्या पायरीवर आली होती. बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. विमानांच्या यादीवर बोट ठेवून स्वतःशीच म्हणाल्या, "हे आठ वाजून बारा मिनिटांचं कुठून येतं, मला कळत नाही." आणि थांबल्या. थांबल्या म्हणजे खरंच थांबल्या, काका. घड्याळ बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. मी उत्तर सांगणार होते, जीभ चावली. किती वेळ गेला कोण जाणे. मग शिल्पा आली, त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, यादीवर लिहिलं 'नैरोबी', आणि परत पायरीवर जाऊन बसली. बोलली नाही. एकही शब्द नाही.

त्या गेल्यावर मात्र बोलली. "मम, तो बाई पेन्सिल घेऊन गेला नाही. विसरला."

काल पत्र आलं. घरी शिकवायला आणखी एक वर्ष. सहा महिन्यांनी मधे एक भेट. तुमच्या सहा वह्या परत केल्यात, 'रिपोर्टमध्ये समाविष्ट नाही' असा शिक्का मारून. मला वाटलं होतं, नाचेन. मी सोफ्यावर बसले आणि तीनच्या शिफ्टपर्यंत तशीच बसून राहिले. कालच्या तारखेपुढे 'नथिंग' लिहिलं, पण या वेळी ते माझं होतं.

तुम्ही पत्राखाली पूर्ण नाव लिहिलंत, सर्टिफिकेटवर लिहितात तसं. तसं करू नका. तुम्ही माझे काकाच आहात, त्यात सुटका नाही, माझीही नाही आणि तुमचीही नाही. ऑगस्टमध्ये इकडे या. शिल्पाला काही शिकवू नका. अंगणात दुसरी बादली आहे.

सुमनला मी काही कळवलेलं नाही. ते मी करणार नाही. मोहन म्हणाला, दिवाळीनंतर तुम्ही पुण्याला जाताय. तिला पत्र पाठवू नका, तिचा पोरगा वाचून दाखवेल आणि तिला त्याच्यासमोर ऐकावं लागेल. तिच्या घरी जा. तुम्ही तिला पाहिलं होतं, एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा. ती बहुतेक काहीच बोलणार नाही. तेव्हा चहा संपवून उठू नका. बसून राहा.

तुमची,
उल्का